हिचकॉकचे दोन नायक: जेम्स स्ट्युअर्ट मोठा की कॅरी ग्रँट?

सातवी रांग (धागाकर्ता):

जुन्या हॉलिवूडचा विषय निघाला की जेम्स स्ट्युअर्ट हा अभिनेता आणि कॅरी ग्रँट हा देखणा तारा, अशी वाटणी बहुतेक चित्रपटप्रेमी करून मोकळे होतात. मला ही वाटणी पटत नाही. दोघांत ग्रँट हा काकणभर सरस नट होता असे माझे मत आहे, आणि केवळ आवडीनिवडीच्या पलीकडे जाऊन ते मांडता येते का, हे पाहण्यासाठी हा धागा काढतो आहे.

तुलनेला इतकी सोयीची जोडी क्वचितच मिळते. आल्फ्रेड हिचकॉकने या दोघांनाही चार-चार चित्रपटांत घेतले. ग्रँटबरोबर त्याने 'सस्पिशन' (१९४१), 'नटोरियस' (१९४६), 'टू कॅच अ थीफ' (१९५५) आणि 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) हे चित्रपट केले. स्ट्युअर्टबरोबर 'रोप' (१९४८), 'रिअर विंडो' (१९५४), 'द मॅन हू न्यू टू मच' (१९५६) आणि 'व्हर्टिगो' (१९५८). दिग्दर्शक तोच, भय आणि संशय हे विषयही तेच, तरीही या दोन चौकड्या एकमेकींत मिसळत नाहीत. स्ट्युअर्टच्या वाट्याला बहुधा पाहणाऱ्याचे काम येते. 'रिअर विंडो'त तो पायाला प्लास्टर घालून चाकांच्या खुर्चीत बसतो आणि समोरच्या खिडक्या न्याहाळतो. 'व्हर्टिगो'त तो एका बाईच्या मागावर गाडीतून सॅन फ्रान्सिस्कोभर फिरतो. आपण त्याच्या डोळ्यांनी पाहत असल्यामुळे त्याच्या मनात काय चालले आहे ते आपल्याला सतत कळत राहावे लागते, आणि ते कळवण्यात त्याचा हात धरणारा नट त्या काळात नव्हता. ग्रँटकडे मात्र इतर पात्रे पाहतात, त्यांच्याबरोबर आपणही पाहतो, आणि या माणसाच्या पोटात काय आहे याचा थांग लागत नाही. 'सस्पिशन'मध्ये तो दुधाचा पेला घेऊन अंधाऱ्या जिन्याने वर येतो त्या प्रसंगात हिचकॉकने पेल्यात दिवा लपवला होता, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. पेल्यामागच्या चेहऱ्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. त्या चेहऱ्यावर माया वाचावी तर मायाही वाचता येते आणि खून वाचावा तर खूनही वाचता येतो, आणि हा तोल मुद्दाम सांभाळलेला आहे.

दोघे एकत्र आले ते फक्त 'द फिलाडेल्फिया स्टोरी' (१९४०) या एका चित्रपटात. त्याची नायिका कॅथरीन हेपबर्न हिला १९३८ साली चित्रपटगृहमालकांच्या एका संघटनेने जाहिरात देऊन गल्ल्याचे विष ठरवले होते. त्या नामुष्कीतून तिने या कथेच्या बळावर स्वतःला वर काढले. श्रेयनामावलीत ग्रँटचे नाव पहिले होते, आणि आपले सगळे मानधन त्याने ब्रिटिश युद्ध मदत निधीला देऊन टाकले. ऑस्कर मात्र स्ट्युअर्टला मिळाले. ग्रँटला साधे नामांकनही नव्हते. आता चित्रपट पुन्हा लावा आणि रात्री उशिरा स्ट्युअर्टचा वार्ताहर झिंगून ग्रँटच्या घरी येतो तो प्रसंग पाहा. स्ट्युअर्टला बोलता बोलता उचकी येते. ही उचकी त्याने ग्रँटला न सांगता आयत्या वेळी घातली, असे सांगितले जाते. ग्रँट त्याच्याकडे वळतो आणि उचकी जणू आपल्यालाच आली अशा थाटात स्वतःच क्षमा मागतो. प्रसंग संपेपर्यंत स्ट्युअर्ट बोलतो, अडखळतो, हातवारे करतो, आणि ग्रँट ऐकतो. तो ऐकणारा माणूस इतका शांत, इतका जागा आणि मनातल्या मनात इतका मजेत असतो, म्हणून समोरच्याची झिंग आपल्याला विनोदी वाटते. ऐकणाऱ्याच्या जागी एखादा ठोकळा बसवला असता तर हाच प्रसंग निव्वळ दारुड्याची बडबड होऊन बसला असता.

ग्रँटचे मूळ नाव आर्चिबाल्ड लीच. जन्म १९०४ चा, ब्रिस्टलचा, गरीब घरातला. आईला मनोरुग्णालयात ठेवले होते ही गोष्ट त्याच्यापासून लपवली गेली, आणि ती जिवंत असल्याचे त्याला कळले तेव्हा तो हॉलिवूडमध्ये नावारूपाला येत होता. कोलांट्या आणि उंच लाकडी पायांवरच्या कसरती करणाऱ्या बॉब पेंडरच्या मंडळीबरोबर तो १९२० साली न्यूयॉर्कला आला. सुटाबुटातला साहेबी ग्रँट पाहताना ही कसरतपटूची पार्श्वभूमी आपण विसरतो, पण त्याच्या अभिनयाचा पाया तिथेच आहे. 'ब्रिंगिंग अप बेबी'मध्ये (१९३८) त्याचा पाय पडून हेपबर्नच्या पोशाखाची मागची बाजू फाटते. तिला पत्ताच नसतो. तो आधी हॅटने झाकून पाहतो, मग तिला सांगायला जातो आणि स्वतःच ओशाळतो, आणि अखेर तिला कळल्यावर तिच्या पाठीला चिकटून, पावलात पाऊल मिळवत दोघे भरल्या उपाहारगृहातून बाहेर पडतात. त्या चालीत कवायतीची शिस्त आणि लाजेने मेलेल्या सभ्य माणसाची घाई एकाच वेळी दिसते. हे शरीराला शिकवावे लागते आणि त्याला वर्षे द्यावी लागतात. पुरस्कार देणाऱ्यांना त्यातली वर्षे दिसत नाहीत, कारण नटानेच ती दिसू दिलेली नसतात.

ग्रँटला स्पर्धेतले ऑस्कर कधीच मिळाले नाही. दोन नामांकने मिळाली ती 'पेनी सेरेनेड' आणि 'नन बट द लोन्ली हार्ट' या गंभीर चित्रपटांसाठी, म्हणजे जिथे तो डोळ्यांत पाणी आणतो तिथे. १९७० साली, त्याने काम थांबवल्यानंतर, मानद ऑस्कर देऊन अकादमीने हिशेब मिटवला. मला या हिशेबाबद्दल आपल्या सगळ्यांची मते हवी आहेत.

टपालपेटी:

धागा उत्तम आहे, पण पुरस्कारांचा मुद्दा मला टिकणारा वाटत नाही. विनोदाला ऑस्कर मिळत नाही असा आपला रोख दिसतो. 'इट हॅपन्ड वन नाइट' या विनोदी चित्रपटाने १९३४ च्या ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा, अभिनेता आणि अभिनेत्री असे पाचही प्रमुख पुरस्कार नेले. आणि स्ट्युअर्टला ऑस्कर मिळाले तेही आपण सांगता त्या विनोदी चित्रपटासाठीच. तेव्हा परीक्षकांना विनोद कळत नव्हता असे म्हणता येणार नाही.

दुसरे असे की स्ट्युअर्ट हा एक नट नसून दोन आहेत, आणि आपण फक्त पहिल्याशी तुलना केली आहे. १९३५ पासून मेट्रो-गोल्डविन-मेयर (एमजीएम) या स्टुडिओच्या पगारावर असलेला, पेनसिल्व्हेनियातल्या हार्डवेअरच्या दुकानदाराचा हा किडकिडीत मुलगा १९४१ च्या मार्चमध्ये सैन्यात गेला. आधी वजन कमी भरले म्हणून त्याला परत पाठवले होते. तो प्रचारापुरता गणवेश घालून फिरला नाही. इंग्लंडमधल्या तळावरून बी-२४ बाँबफेकी विमाने घेऊन त्याने जर्मनीविरुद्ध वीस मोहिमा केल्या आणि युद्ध संपले तेव्हा तो कर्नल होता. परत आल्यावरचा त्याचा पहिला चित्रपट म्हणजे 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६). त्यातला टेलिफोनचा प्रसंग आठवा. एकाच फोनला कान लावून तो आणि डोना रीड उभे आहेत, पलीकडून तिला मागणी घालू पाहणारा मित्र प्लास्टिकच्या धंद्याबद्दल बोलतो आहे, आणि स्ट्युअर्टचे नाक जवळजवळ तिच्या केसांत आहे. तो फोन टाकतो, तिचे खांदे धरून गदागदा हलवतो आणि ओरडून सांगतो की मला लग्न करायचे नाही, मला माझ्या मनासारखे जगायचे आहे. पुढच्याच क्षणी तो रडत तिला मिठी मारतो. प्रेमाची कबुली इतक्या रागाने दिलेली मी दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात पाहिलेली नाही. ग्रँटच्या सबंध कारकिर्दीत याच्या तोडीचे काही असेल तर दाखवावे.

सातवी रांग (धागाकर्ता):

टपालपेटी, विनोदाला ऑस्कर मिळतच नाही असे माझे म्हणणे नाही. कष्ट दिसले की ऑस्कर मिळते, असे माझे म्हणणे आहे. 'फिलाडेल्फिया स्टोरी'त स्ट्युअर्टकडे झिंगण्याचा प्रसंग आहे, चंद्रप्रकाशातले लांबलचक प्रणयभाषण आहे. ग्रँटकडे यांपैकी काही नाही. भाषणे इतरांना मिळाली आणि चित्रपट एकसंध ठेवण्याचे काम त्याला मिळाले. शिवाय तो पुरस्कार आदल्या वर्षीच्या 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'ची भरपाई होती असे तेव्हापासून बोलले जाते. त्या वर्षी रॉबर्ट डोनाट जिंकला होता. 'मिस्टर स्मिथ'मधल्या सिनेट सभागृहातल्या अखंड भाषणासाठी स्ट्युअर्टने डॉक्टरकडून घशाला औषध लावून घेऊन आवाज खरोखर बसवला होता. मला त्या निष्ठेबद्दल आदर आहे, आणि तो प्रसंग मी अजूनही श्वास रोखून पाहतो. पण कष्ट ऐकू येतात म्हणजे काय, ते तिथे अक्षरशः कळते.

टेलिफोनच्या प्रसंगाबद्दल वाद नाही. तोडीचे काही दाखवा म्हणता, तर 'नटोरियस'मधली रिओची बाल्कनी दाखवतो. हेज संहितेच्या, म्हणजे हॉलिवूडच्या तेव्हाच्या सेन्सॉर नियमांच्या, पहारेकऱ्यांना लांब चुंबन खपत नसे, म्हणून हिचकॉकने ग्रँट आणि इन्ग्रिड बर्गमनला थोडे चुंबन, थोडे बोलणे, पुन्हा चुंबन असे करत बाल्कनीतून फोनपर्यंत आणि तिथून दारापर्यंत चालवत नेले. हा भाग सगळ्यांना आठवतो. मला त्यानंतरचा भाग महत्त्वाचा वाटतो. ग्रँटला कार्यालयात कळते की या बाईला एका नाझीच्या गळ्यात बांधून हेरगिरी करवायची आहे. तो परततो. आणायला सांगितलेली दारूची बाटली तो कार्यालयातच विसरून आला आहे. कोंबडी शिजली आहे आणि गार होत चालली आहे. तो तिला कामगिरी सांगतो आणि गप्प बसतो. तू हे करू नकोस, एवढे एकच वाक्य त्याने म्हणावे म्हणून ती वाट पाहते, त्याला तसा वावही देते, आणि तो ते म्हणत नाही. त्या वेळचा त्याचा चेहरा पाहा. मत्सर, स्वतःबद्दलची घृणा आणि तिने आपण होऊन नकार द्यावा ही भाबडी आशा, सगळे त्या बंद चेहऱ्यामागे आहे, आणि ओठ तसूभरही हलत नाहीत. स्ट्युअर्ट तिथे फुटला असता, आणि तो फुटला असता तर पुढची गोष्टच उरली नसती.

चष्म्याची दांडी:

ग्रँट प्रत्येक चित्रपटात ग्रँटच असतो, हा साधा आक्षेप कोणीच घेतलेला नाही म्हणून मी घेतो. तोच सूट, तोच भांग, तेच तोडून तोडून बोलणे, ज्यात धड लंडनही नाही आणि धड न्यूयॉर्कही नाही. वेगवेगळी माणसे उभी करणे हे नटाचे काम नाही काय?

सातवी रांग (धागाकर्ता):

चष्म्याची दांडी, आपला आक्षेप रंगभूमीच्या मापाने घेतलेला आहे. त्या काळी स्टुडिओ नटांना एक ठरीव प्रतिमा देत आणि प्रेक्षक ती पाहायलाच येत. बोगार्ट, जॉन वेन, बेटी डेव्हिस सगळे याच बाजारातले. चांगला नट त्या प्रतिमेच्या आतल्या आत किती फिरतो, हा प्रश्न विचारायला हवा. 'ब्रिंगिंग अप बेबी'मधला जाड चष्म्याचा, भित्रा जीवाश्मशास्त्रज्ञ आणि 'हिज गर्ल फ्रायडे'मधला (१९४०) निर्ढावलेला, आपल्या घटस्फोटित बायकोला नोकरीत परत खेचण्यासाठी तिच्या होणाऱ्या नवऱ्याला तुरुंगात धाडणारा संपादक, हे दोन्ही हॉवर्ड हॉक्सचेच चित्रपट आहेत. पहिल्यात प्रत्येक माणूस ग्रँटला तुडवून जातो, दुसऱ्यात ग्रँट प्रत्येकाला तुडवतो. या दुसऱ्या चित्रपटात संवाद एकमेकांवर चढवलेले आहेत. हॉक्स वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला बिनमहत्त्वाचे शब्द पेरून ठेवी, म्हणजे दोघे एकदम बोलले तरी कामाचा भाग बुडत नसे. त्या वेगात टेलिफोनवर एकाशी, समोर दुसऱ्याशी आणि डोळ्यांनी तिसऱ्याशी बोलणारा ग्रँट पाहिल्यावर तो नेहमी एकच असतो हे म्हणणे कठीण जाते. त्याच चित्रपटात तो एका संवादात आर्ची लीच नावाच्या माणसाचा मरणोत्तर उल्लेख करून मोकळा होतो. स्वतःच्या खऱ्या नावावर असा विनोद करणाऱ्याला आपण एक प्रतिमा वागवतो आहोत याचे पुरेपूर भान होते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पॅरामाउंटचा करार संपल्यावर त्याने कुठल्याही एका स्टुडिओशी स्वतःला पूर्णपणे बांधून घेतले नाही, जे त्या काळात धाडसाचे होते. म्हणून त्याला मॅकेरी, हॉक्स, क्युकर, हिचकॉक असे दिग्दर्शक निवडता आले. त्याच वेळी स्ट्युअर्ट एमजीएम देईल ती भूमिका करत होता. तो स्टुडिओ काय चीज होती हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. आपले चित्रपट दाखवण्यासाठी त्याने १९३८ साली धोबीतलावला मेट्रो चित्रपटगृह उभारले.

उत्तररात्र:

मी या वादात उशिरा येते आहे, आणि बहुधा दोन्ही बाजूंना आवडणार नाही असे लिहिते आहे. आपण दोघेही पुरुषांच्या चेहऱ्यांचा कीस पाडता आहात, आणि त्या चेहऱ्यांना अर्थ देणाऱ्या स्त्रिया प्रसंगापुरत्या येऊन जात आहेत. 'नटोरियस'च्या त्या बाल्कनीत ग्रँट गप्प बसतो आणि त्याचा अर्थ आपल्याला कळतो, तो बर्गमनच्या चेहऱ्यावर. वाट पाहण्याचे काम ती करते. ग्रँटचा विनोदी अवतार जन्माला आला तो 'द ऑफुल ट्रुथ'मध्ये (१९३७), आणि त्या चित्रपटातून तो सुटका करून घेऊ पाहत होता, कारण लिओ मॅकेरी सेटवर आयत्या वेळी प्रसंग रचत असे आणि ग्रँटला ते सोसत नव्हते. समोर आयरीन डन नसती तर काय झाले असते याची कल्पना करून पाहावी. आपण नवऱ्याची बहीण आहोत असे सोंग घेऊन ती त्याच्या भावी सासरच्या प्रतिष्ठित बैठकीत शिरते आणि थिल्लर गाणे म्हणत फेर धरते, तेव्हा ग्रँटच्या चेहऱ्यावर शरम आणि कौतुक यांची जी सरमिसळ होते, ती तिने त्याच्याकडून काढून घेतलेली आहे.

ऑस्करचा हिशेब मांडायचाच तर डनचा मांडा. पाच नामांकने आणि एकही पुरस्कार नाही. त्याच काळातली अभिनेत्री मर्ना लॉय हिला तर एकदाही नामांकन मिळाले नाही. १९९१ साली मानद ऑस्कर देऊन तिचीही बोळवण झाली. ग्रँटवर अन्याय झाला हे खरे, पण निदान आज प्रत्येकाला त्याचे नाव ठाऊक आहे. आयरीन डनचे चार चित्रपट सांगा म्हटले तर या धाग्यावरच किती जण पुढे येतील याची मला शंका आहे.

'रिअर विंडो'बद्दलही एक मुद्दा. स्ट्युअर्ट खुर्चीतून पाहतो म्हणून ती त्याची गोष्ट आहे असे आपण धरून चालता. प्रत्यक्षात जिना चढून खुन्याच्या घरात शिरते ती ग्रेस केली. खिडकीकडे पाठ करून, मयत बाईची अंगठी बोटात घालून ती हळूच बोट दाखवते. ते पाहून खुन्याची नजर वर होते आणि पहिल्यांदाच तो थेट स्ट्युअर्टकडे बघतो. त्या चित्रपटातले सगळे धाडस तिच्या वाट्याचे आहे.

टपालपेटी:

उत्तररात्र यांचा ग्रेस केलीचा मुद्दा मान्य, आणि त्या क्षणी स्ट्युअर्ट जे करतो ते त्याच्या बाजूने पुरावा म्हणून दाखल करतो. तो काहीच करू शकत नाही, आणि एका खुर्चीत बसून काहीच करू न शकणे एवढ्यावर तो सबंध प्रसंग पेलतो. लाज, भीती आणि तिच्याबद्दल पहिल्यांदाच जागे झालेले खरे प्रेम, सगळे त्या चेहऱ्यावर आहे.

आता धागाकर्त्यांनी ज्याला हातच लावलेला नाही त्या चित्रपटांकडे येतो. १९५० ते १९५५ या काळात दिग्दर्शक अँथनी मानबरोबर स्ट्युअर्टने पाच वेस्टर्न केले. पहिला 'विंचेस्टर ७३'. त्यासाठी त्याने आगाऊ मानधनाऐवजी नफ्यातला वाटा घेतला, आणि तारे आणि स्टुडिओ यांच्यातला व्यवहार तिथून बदलत गेला. पैशाचे सोडा. एका गुत्त्यात तो डॅन ड्युरियाचा हात पिरगाळून त्याचे डोके टेबलावर दाबतो, आणि कॅमेऱ्याजवळ आलेल्या त्या चेहऱ्यावर जो वेडा राग दिसतो, तो 'मिस्टर स्मिथ'च्या भाबड्या सिनेटरच्या चेहऱ्यावर कोणी कल्पिला नसता. 'द नेकेड स्पर'मध्ये (१९५३) तो इनामासाठी माणूस पकडायला निघालेला आहे, आणि शेवटी ते प्रेत ओढत नेताना, जॅनेट ली समोर उभी असताना, तो इनामाच्या हव्यासाने आणि त्या हव्यासाच्या किळसेने एकदमच रडतो. 'द मॅन फ्रॉम लारामी'त त्याला धरून ठेवून हाताच्या पंजात गोळी घालतात. ओरडण्याआधी तो क्षणभर नुसता अविश्वासाने पाहतो. युद्धाबद्दल हा माणूस चारचौघांत फारसे बोलत नसे. या पाच चित्रपटांत ते कुठेतरी आले आहे असे मला वाटते, आणि हे वाटणे आहे, सिद्ध करता येणार नाही, हेही नोंदवतो.

'व्हर्टिगो' तर बोलायलाच नको. प्रदर्शित झाला तेव्हा बेताचा चालला, पुढे अनेक वर्षे तो आणि हिचकॉकचे आणखी चार चित्रपट वितरणातच नव्हते, आणि १९८३ च्या सुमारास ते परत आल्यावर त्याची खरी किंमत कळली. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या २०१२ च्या मतचाचणीत त्याने 'सिटिझन केन'ला पहिल्या स्थानावरून खाली आणले. एका जिवंत बाईला मेलेल्या बाईचे कपडे, मेलेल्या बाईचे केस आणि मेलेल्या बाईचा अंबाडा घालायला लावणारा नायक, आणि ती हॉटेलच्या हिरव्या निऑन प्रकाशातून बाहेर येते तेव्हाचे त्याचे डोळे. हे काम ग्रँटला झेपले असते असे धागाकर्त्यांना वाटते काय?

जुनी रीळ:

या चर्चेत एक गमतीची माहिती भर म्हणून देतो. 'व्हर्टिगो' गल्ल्यावर अपेक्षेइतका चालला नाही याचे एक कारण स्ट्युअर्टचे वय दिसते, असे हिचकॉकने धरले. चित्रपटाची नायिका किम नोव्हाक त्याच्याहून जवळजवळ पंचवीस वर्षांनी लहान होती. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'ची भूमिका मिळावी अशी स्ट्युअर्टची फार इच्छा होती, पण हिचकॉकने ती ग्रँटला दिली. स्ट्युअर्टचा जन्म १९०८ चा, ग्रँटचा १९०४ चा. म्हणजे म्हातारा दिसतो म्हणून एकाला वगळले आणि त्याच्याहून चार वर्षांनी मोठ्या नटाला घेतले. त्या चित्रपटात ग्रँटच्या आईची भूमिका करणारी जेसी रॉइस लँडिस त्याच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनीही मोठी नव्हती. कॅमेऱ्याचा हिशेब जन्मदाखल्यावर चालत नाही, एवढाच याचा अर्थ.

सातवी रांग (धागाकर्ता):

जुनी रीळ यांनी माझ्या पुढच्या मुद्द्याचे दार उघडून दिले. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये स्ट्युअर्ट असता तर काय झाले असते, याचा मी बराच विचार केला आहे. हा नायक म्हणजे न्यूयॉर्कचा जाहिरातवाला रॉजर थॉर्नहिल. त्याच्या काड्यापेटीवर आर. ओ. टी. अशी आद्याक्षरे आहेत. मधल्या अक्षराचा अर्थ विचारल्यावर काहीच नाही असे तो सांगतो. ज्या कॅप्लन नावाच्या हेराच्या जागी शत्रू त्याला धरतात, तो हेर मुळात अस्तित्वातच नाही. म्हणजे आत काहीच नसलेल्या माणसाला, मुळात नसलेल्याच माणसाच्या जागी उभे केले आहे. स्ट्युअर्ट उभा राहिला की त्याच्यामागे गाव, आईबाप, शाळा आणि न फेडलेले कर्ज सगळे उभे राहते. त्याला रिकामे दिसताच येत नाही. ब्रिस्टलच्या पोराने घडवलेला कॅरी ग्रँट नावाचा माणूस मात्र मुळातच कोणाचा कोणी नव्हता.

विमानाचा प्रसंग त्या दृष्टीने पाहावा. बस त्याला ओसाड सपाट रस्त्यावर सोडून जाते. कित्येक मिनिटे संगीत नाही. संगीतकार बर्नार्ड हर्मनचे संगीत विमान टँकरवर आदळल्यावरच सुरू होते. तोपर्यंत ग्रँट नुसता उभा असतो. खिशात हात घालतो, काढतो, येणाऱ्या गाडीकडे पाहतो, गाडी निघून जाते, डोळ्यांतली धूळ पुसतो. रस्त्यापलीकडे एक माणूस येऊन उभा राहतो आणि दोघे बराच वेळ एकमेकांकडे बघत राहतात. शहरी सुटातल्या माणसाचा अवघडलेपणा, अपेक्षा आणि किंचित हास्यास्पदपणा त्याने नुसत्या उभे राहण्यातून दिला आहे. मग विमान येते आणि तो पळतो, धुळीत अंग झोकून देतो, आणि पंचावन्नाव्या वर्षी ते शरीर अजून कसरतपटूचे असल्याचे कळते.

मानच्या वेस्टर्नबद्दल टपालपेटी यांनी लिहिले आहे ते सुरेख आहे, आणि ग्रँटला ते जमले नसते हे निःसंशय. 'व्हर्टिगो'ही नाही. वेड दाखवायचे तर आतले दार उघडावे लागते आणि ग्रँटने ते कधी उघडले नाही. मात्र माझ्या लेखी ही त्याची उणीव ठरत नाही. दार बंद ठेवून बाहेर उभ्या असलेल्याला दोन तास बांधून ठेवणे मला अधिक अवघड वाटते.

उत्तररात्र यांच्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त भर आहे. आयरीन डनबद्दल स्वतंत्र धागा त्यांनीच काढावा. 'द ऑफुल ट्रुथ', 'माय फेव्हरिट वाइफ', 'पेनी सेरेनेड' आणि 'लव्ह अफेअर' ही माझ्याकडून चार नावे.

टपालपेटी:

एक शेवटचा प्रसंग नोंदवून थांबतो, कारण तो अजून कोणी काढला नाही. 'द मॅन हू न्यू टू मच'मध्ये मोरोक्कोत मुलाचे अपहरण झाल्याचे स्ट्युअर्टला कळले आहे, आणि ते डोरिस डेला सांगायचे आहे. तो डॉक्टर आहे. तो तिला आधी झोपेच्या गोळ्या घ्यायला लावतो, त्यासाठी तिच्याशी सौदा करतो, त्या पोटात जाऊन भिनेपर्यंत इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलत राहतो आणि मगच सांगतो. ती किंचाळते, उठू पाहते, आणि तो तिला पलंगावर दाबून धरतो. हे प्रेम आहे, सत्ता आहे आणि भ्याडपणाही आहे. आपला आवडता सज्जन हे कृत्य करतो आहे आणि आपल्याला त्याचा राग येतो, पण आपण त्याला सोडूनही जात नाही. हिचकॉकला हे हवे असले की तो स्ट्युअर्टकडे जाई.

उत्तररात्र:

त्या प्रसंगात डोरिस डे काय करते तेही एकदा नीट पाहावे. औषध चढत असताना ती संतापते आहे, आणि शरीर साथ देत नसताना संताप वाढवत न्यायचा आहे, आवाज जड होत जातो पण शब्द धारदार राहतात. तिच्याकडून कोणी एवढ्या अभिनयाची अपेक्षाच केली नव्हती. आयरीन डनचा धागा या आठवड्यात काढते. 'लव्ह अफेअर' आणि त्याच मॅकेरीने १९५७ साली ग्रँटला घेऊन केलेली तिची नवी आवृत्ती 'अ‍ॅन अफेअर टू रिमेंबर' यांच्यापासून सुरुवात करीन, म्हणजे धागाकर्त्यांनाही तिथे यावेच लागेल.